योक हातात घेण्याआधी

सेस्ना १७२ या छोट्या विमानात डावीकडच्या आसनावर बसलेला वैमानिक योक, म्हणजे स्टिअरिंगसारखे समोरचे नियंत्रण, मुठीत आवळून धरत नाही. अंगठा आणि दोन बोटे पुरतात. विमान सरळ चालले असेल तर त्या बोटांची हालचाल शेजारी बसलेल्याच्या लक्षातही येत नाही. योक अर्धा सेंटिमीटर मागे येतो, किंचित डावीकडे वळतो, परत जागेवर जातो. उतरताना धावपट्टी जवळ आली की ही हालचाल वाढते, पण योक भरपूर मागे ओढायची वेळ तिथेही अगदी शेवटी, चाके टेकण्याच्या सुमाराला येते. बाकी जवळजवळ सगळे उड्डाण योकच्या मधल्या अरुंद पट्ट्यात होते.

घरच्या संगणकावर विमान उडवण्यासाठी योक घ्यायचा ठरवलात की दुकानातल्या चित्रांत हा मधला पट्टा कुठेच दिसत नाही. दिसतात ती बटणे, निळे-हिरवे दिवे, इंजिन सुरू करायची किल्ली, धातूसारखा चमकणारा रंग. मला स्वतःला ती किल्ली फार आवडते, ती फिरवून इंजिन सुरू करण्यात मजा आहे. पण योकची लायकी ठरते ती मध्यावर तो कसा वागतो यावर, आणि पुढचे सगळे विवेचन मी त्याच दृष्टीने केले आहे.

आधी विमान ठरवा

पहिला प्रश्न योकचा नाहीच. तुम्हाला कोणते विमान उडवायचे आहे, हा आहे. सेस्ना आणि पायपरची बहुतेक छोटी विमाने, बोइंगची सगळी प्रवासी विमाने आणि छोट्या शहरांना जोडणारे एटीआर ही योकवर चालतात. एअरबसने मात्र ए-३२० पासून, म्हणजे १९८७ साली त्या विमानाने पहिले उड्डाण केले तेव्हापासून, वैमानिकाच्या समोरचा योक काढून टाकला आणि बाजूला एक छोटी स्टिक बसवली. ए-३५० आणि ए-३८० मध्येही तेच आहे. लढाऊ विमानांत स्टिकच असते. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांत आणखी तिसरा प्रकार दिसतो, बाजूला बसवलेला एकहाती योक.

तेव्हा इंडिगोच्या ए-३२० मधून प्रवास करताना ज्याला सिम्युलेटरची ओढ लागली आणि ज्याला घरी तेच विमान उडवायचे आहे, त्याने योक घेऊ नये. चांगली जॉयस्टिक घ्यावी. पैसे वाचतील आणि हाताला सवयही बरोबर लागेल. अकासाचे ७३७ मॅक्स मनात भरले असेल तर गोष्ट वेगळी. विमानचालनाचा अभ्यास करायला निघालेल्या मुलामुलींनी तर आपण जाणार त्या संस्थेत कोणते विमान आहे हे आधी विचारावे. गोंदियाच्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये डायमंड डीए-४० वर शिकवतात, आणि डीए-४० मध्ये दोन पायांच्या मधोमध स्टिक असते. तिथे जाणाऱ्याने घरी वर्षभर योक फिरवला तर त्याच्या हाताला जी सवय लागेल तिचा पहिल्या दिवशी फारसा उपयोग नाही. घरच्या योकवर घालवलेले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. उपयोग होतो तो क्रम पाठ होण्यासाठी, नजर उपकरणांवर फिरवण्यासाठी आणि हात हलका ठेवण्यासाठी.

योकमध्येही दोन जाती आहेत. सेस्नात योकचा दांडा समोरच्या पॅनेलमधून बाहेर येतो आणि आतबाहेर सरकतो. आत ढकलला की विमानाचे नाक खाली, ओढला की वर, फिरवला की पंख कलतात. बोइंगमध्ये योक जमिनीतून वर आलेल्या खांबावर असतो. खांब खाली बिजागरीवर हलतो, त्यामुळे हात सरळ रेषेत न जाता कमानीत जातो. घरगुती योक जवळजवळ सगळे सेस्नाच्या जातीचे असतात, कारण टेबलावर खोके ठेवून त्यातून दांडा काढणे सोपे पडते.

हाताला काय कळते

एडविन लिंक याने १९२९ मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टन इथे जे पहिले यशस्वी उड्डाण-शिक्षण यंत्र तयार केले, ते त्याच्या वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याला ओळखीचे होते. तेच त्याने एका छोट्या बंद कॉकपिटच्या खाली लावले, आणि आतल्या माणसाने दांडा हलवला की खोके कलायचे, वळायचे. सुरुवातीला लष्कराने त्याकडे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना टपाल वाहून न्यायचे काम मिळाले, खराब हवेत अपघातांमागून अपघात झाले, आणि मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यांत शिकले.

लिंकच्या यंत्रात शरीराला काहीतरी कळत होते. घरी तेही नाही. खुर्ची हलत नाही, पोटात खड्डा पडत नाही, वळताना अंग जड होत नाही. ४५ अंशांच्या कलात समपातळीवर वळताना खऱ्या विमानात माणसाचे वजन सुमारे १.४ पट भासते, आणि अनुभवी वैमानिक त्या दाबावरूनच वळण नीट चालले आहे की नाही हे ओळखतो. घरी सगळा भार डोळ्यांवर आणि दोन हातांवर. म्हणून हातात येणारी वस्तू चांगली असावी असा माझा आग्रह आहे. ब्रूस आर्टविकने सबलॉजिक या आपल्या कंपनीतर्फे ॲपल-२ संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर काढला, पुढे १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती आयबीएमच्या संगणकासाठी आणली. त्या काळी लोक कीबोर्डच्या कळा दाबून विमाने उतरवत होते. त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते, पण कळ दाबली की एलेव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी शेपटीवरची हलती फळी, ठरावीक टप्प्यानेच हलणार. हलका दाब देणे तिथे शक्यच नव्हते.

आता खऱ्या योकमध्ये आणि घरच्या योकमध्ये असलेला सर्वांत मोठा फरक बघू. इंजिन बंद करून उभ्या असलेल्या सेस्नाचा योक मोकळा सोडला तर तो पॅनेलकडे सरकतो, कारण शेपटीवरचे एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली झुकते. विमान धावू लागले की हवा एलेव्हेटरला ढकलू लागते आणि योकमध्ये जीव येतो. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. त्यामुळे वेग कमी झाला की योक मऊ पडतो, आणि विमान मंदावते आहे हे वैमानिकाला काट्याकडे बघण्याआधी हातातून समजते.

घरच्या साध्या योकमध्ये हवा नाही, स्प्रिंग आहे. स्प्रिंगला वेग माहीत नाही. ती ५० नॉटलाही तेवढीच ओढते आणि १२० नॉटलाही. याहून मोठी अडचण ट्रिमची. सेस्नामध्ये वैमानिक नाक हवे तिथे आणतो, योक तिथेच धरून ठेवतो आणि ट्रिमचे चाक हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत फिरवतो. योक जिथे होता तिथेच राहतो, फक्त आता तो धरून ठेवावा लागत नाही. स्प्रिंगच्या योकला मात्र मध्य एकच आणि तो कायमचा. तिथे ट्रिमचे चाक जसजसे फिरवाल तसतसा योक हळूहळू मध्याकडे सोडत जावा लागतो. दोन्ही हातांचा मेळ चुकला की नाक एकदम वर किंवा खाली जाते. नवशिक्यांना वाटते की आपल्याला ट्रिम जमत नाही. खरे तर ते योकच्या रचनेशी झगडत असतात. उपाय एवढाच की ट्रिम थोडा-थोडा द्यावा, प्रत्येक वेळी विमान स्थिरावू द्यावे, मग पुढचा. आणि शक्य असेल तर ट्रिमसाठी बटणाऐवजी फिरवायचे चाक घ्यावे. बटणाने ट्रिम टप्प्याटप्प्याने सरकतो, चाकाने बोटाला हवा तेवढाच.

मोटर लावलेले योकही मिळतात. त्यांत योकचा मध्य ट्रिमबरोबर खरोखर सरकतो आणि वेगाबरोबर जोर बदलतो. स्वित्झर्लंडची ब्रुनर कंपनी असे योक बरीच वर्षे बनवते, अलीकडे चीनच्या मोझानेही त्यात उडी घेतली आहे. अनुभव वेगळाच आहे, किंमतही. पहिला योक म्हणून मी कोणालाही तो सुचवणार नाही.

मधला पट्टा

समजा सेस्ना ६५ नॉटने धावपट्टीकडे येते आहे, तीन अंशांच्या उताराने. म्हणजे मिनिटाला साधारण ३४० फूट खाली. जमिनीपासून ५०० फूट उंचीवर असताना हातात दीड मिनिट उरते. या दीड मिनिटात हात सतत काम करत असतो. वारा नाक उचलतो, हात जरा पुढे. धावपट्टी काचेत वर सरकू लागली, म्हणजे आपण खाली जातो आहोत, हात जरा मागे, उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या शक्तीच्या दांड्यावर, थोडा पुढे. पंख डावीकडे झुकला, योक उजवीकडे, लगेच परत. यातली एकही हालचाल मोठी नाही, आणि जवळपास प्रत्येक हालचाल योकला मध्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेते.

अशा वेळी योकला मध्यावर खाच असली तर काय होते? काही योकांत मध्य सापडावा म्हणून अशी खाच मुद्दाम ठेवलेली असते. योक तिच्यात टक्कन बसतो. बाहेर काढायला थोडा जास्त जोर लागतो, आणि तो जोर लावला की योक हवा त्यापेक्षा पुढे जातो. नाक जास्त उचलले जाते, म्हणून तुम्ही ढकलता, पुन्हा खाच, पुन्हा जोर, आता नाक जास्त खाली. विमान उतारावर लाटांसारखे वरखाली होत राहते. खाच नसली तरी घर्षण हेच करू शकते. प्लॅस्टिकच्या नळीत धातूचा दांडा कोरडा घासत असेल तर तो पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी खणासारखा वागतो, आधी हलत नाही आणि मग एकदम येतो. म्हणून योक हातात आला की पहिली परीक्षा अशी घ्यावी: एका बोटाने तो शक्य तितका हळू ओढावा. सुरुवात मऊ झाली पाहिजे. थांबून, झटका देऊन सुटला तर त्या योकवर कितीही बटणे असली तरी तो बाजूला ठेवावा. दांडा पोलादी आणि बॉल बेअरिंगवर चालणारा असेल तर ही अडचण सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट, योक किती फिरतो. सेस्नाचा योक दोन्ही बाजूंना बराच, जवळपास काटकोनात फिरतो. घरगुती योकांत काही एकूण ९० अंश फिरतात, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ४५. काही एकूण १८०, म्हणजे प्रत्येक बाजूला ९०. फरक आकड्यांत बघा. हात नकळत दोन अंश हलला, तर पहिल्या योकमध्ये पंख कलवणारा एलेरॉन पूर्ण फिरण्याच्या ४.४ टक्के हलतो, दुसऱ्यात २.२ टक्के. म्हणजे थरथर, घाई, ताण या सगळ्यांचा विमानावर होणारा परिणाम निम्मा. पुढेमागे सरकण्याच्या लांबीलाही हाच हिशेब लागू आहे.

यावर कोणी म्हणेल की सिम्युलेटरमध्ये संवेदनक्षमतेचा आलेख वाकवता येतो, मध्यावर मंद आणि टोकाकडे तीव्र. येतो, आणि छोट्या योकवर तो थोडासा वाकवावाही. पण आलेख योकची लांबी वाढवत नाही. मध्यावर जे कमी केले ते टोकाकडे वसूल होते, आणि चाके टेकताना योक मागे ओढाल तेव्हा नाक अचानक झपाट्याने उठते. मध्यावर निष्क्रिय पट्टा ठेवायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. ती शून्यावर ठेवावी. तो पट्टा वाढवणे म्हणजे आपणच आपल्या योकला खाच पाडणे. फक्त सेन्सर जुना होऊन मध्यावर थरथरू लागला तर तात्पुरता इलाज म्हणून चालेल.

सेन्सरचे म्हणाल तर त्याचेही रहस्य मध्यावरच आहे. स्वस्त योकांत पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ सरकते आणि विजेचा रोध बदलतो. घासून घासून पट्टी झिजते, आणि झिजते तिथे जिथे जीभ सर्वांत जास्त वेळ फिरते, म्हणजे नेमकी मध्यावर. धूळ आणि दमट हवा त्यात भर घालतात, कोकणपट्टीतल्या घरांत तर जास्तच. मग हात न लावताही पडद्यावरचे एलेव्हेटर थरथरते. हॉल सेन्सरमध्ये घासणारे काही नसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ मध्ये एडविन हॉलला असे आढळले की वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. योकच्या दांड्याला चुंबक लावायचा आणि शेजारी हा सेन्सर. दोन्हींमध्ये हवेची फट, त्यामुळे झीज नाही. दोन योक बाकी सारखे असतील तर हॉल सेन्सरचा घ्यावा. मात्र घासणाऱ्या, अडकणाऱ्या दांड्यावर हॉल सेन्सर लावला म्हणून तो दांडा सुधारत नाही.

किती बिटचा सेन्सर यावर जाहिरातीत मोठमोठे आकडे असतात. १० बिट म्हणजे १०२४ पायऱ्या. १८० अंशांत त्या वाटल्या तर एक पायरी ०.१८ अंशाची. तुमचा-माझा हात तेवढा बारीक हलू शकत नाही. १२ बिट असले तर छान, १६ साठी वेगळे पैसे मोजू नका.

टेबल, खुर्ची आणि पाय

योक टेबलावर लावला की पहिल्या तासात खांदे भरून येतात. कारण साधे आहे. सेस्नात योक मांड्यांच्या थोडा वर असतो आणि कोपर अंगाशी टेकलेले राहते. आपले टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर योकचे खोके, त्याच्याही वर हात. हात अधांतरी लटकतात आणि हलका स्पर्श ठेवणे अशक्य होते. खुर्ची उंच करा, किंवा टेबलाच्या खाली वीतभर अंतरावर सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायची फळी ठोकून घ्या. कीबोर्डचा सरकता ट्रे अगदी बरोबर उंचीला असतो खरा, पण योक ओढला की ट्रेच बाहेर येतो. त्यावर योक लावायचा तर ट्रेला दोन्ही बाजूंनी कडी घालून तो पक्का करावा लागेल.

क्लॅम्पचा जबडा किती उघडतो हे विकत घेण्याआधी मोजा. आपल्याकडच्या टेबलांना काठाखाली जाड पट्टी किंवा खण असतो आणि तिथे क्लॅम्प पोहोचत नाही. काचेच्या टेबलाला क्लॅम्प कधीही लावू नका. सनमायकाच्या टेबलावर स्क्रूचे वळ उठतात, मध्ये रबराचा तुकडा किंवा जुन्या चपलेचा तळ घाला. खोक्याची खोलीही बघा. योक पडद्याचा खालचा भाग झाकतो आणि सेस्नाची सगळी उपकरणे नेमकी तिथेच असतात. पडदा मागे आणि थोडा वर न्यावा लागतो, तेवढी जागा भिंतीपर्यंत आहे ना?

योक फिरतो आणि सरकतो, एवढेच. जॉयस्टिकला बहुधा पिळण्याची सोय असते, त्यातून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे सुकाणू) चालतो. योकला ती नाही. त्यामुळे योकबरोबर पायांतले पेडल हवेतच, नाहीतर सिम्युलेटरला रडर आपोआप सांभाळायला सांगावे लागते. काही दिवस ते चालते, पण आडवा वारा असताना विमान उतरवायला शिकायचे असेल तर नाही. ज्याची ऐपत एकाच मोठ्या वस्तूची आहे त्याला मी सांगेन की महाग योक आणि पेडल नाही, यापेक्षा मध्यम योक आणि साधे पेडल बरे. फरशीवर पेडल घसरतात, म्हणून भिंतीला टेकवून ठेवा किंवा खाली रबरी पायपुसणे घाला. चाकांची खुर्ची पेडल दाबताच मागे पळते. जेवणाच्या टेबलाची चार पायांची खुर्ची उत्तम.

थ्रॉटलही वेगळा लागतो. डाव्या आसनावरचा वैमानिक डाव्या हाताने योक धरतो आणि उजव्याने थ्रॉटल. उजव्या हाताच्या माणसालाही सुरुवातीपासून हीच सवय लावावी. डाव्या हाताला हलकेपणा लवकर येतो असे मला वाटते, कारण त्याला जोर करायची सवय नसते.

बाजारात काय आहे

लॉजिटेकचा फ्लाइट योक हा मुळात सायटेक कंपनीचा. लॉजिटेकने २०१६ मध्ये सायटेक घेतली. तो एकूण ९० अंशच फिरतो, पण त्याच्या खोक्यात तीन दांड्यांचा थ्रॉटलही येतो, आणि पहिली हौस भागवायला हा जोड पुष्कळ जणांना पुरला आहे. २०१९ मध्ये हनीकोम्ब अल्फा आला तेव्हा या किमतीच्या योकांकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या. पूर्ण १८० अंश, पोलादी दांडा, बॉल बेअरिंग, मध्यावर खाच नाही, वर बॅटरीचे, दिव्यांचे स्विच आणि ती किल्ली. थ्रॉटल मात्र वेगळा घ्यावा लागतो. एक्सबॉक्सवर चालणारी त्याची आवृत्ती एक्सपीसी नावाने मिळते. टर्टल बीचचा व्हेलॉसिटीवन फ्लाइट एकाच पेटीत योक, थ्रॉटल आणि ट्रिमचे चाक देतो आणि रडरसाठी योकच्या मागे बोटांनी दाबायचे ट्रिगर ठेवतो. ज्याच्या घरी पेडल ठेवायला जागाच नाही त्याच्यासाठी तो विचारात घेण्यासारखा आहे. थ्रस्टमास्टरचा बोइंग योक ७८७ च्या योकच्या आकाराचा. त्यातला दांडा खोक्यातून बाहेर येत नाही. तो लंबकासारखा लटकलेला आहे आणि सुमारे २१ सेंटिमीटर पुढेमागे हलतो. मोठी प्रवासी विमाने उडवणाऱ्यांना मी हाच सुचवीन. त्याला हॉल सेन्सरही आहे. याच्या वर स्पेनच्या व्हर्च्युअल फ्लायचा योको वगैरे येतात, आणि तिथे खर्च एकदम वाढतो. यातले बरेचसे परदेशातून येते, तेव्हा डॉलरमधली किंमत रुपयांत करून हिशेब संपवू नका. वाहतूक आणि जकात धरा, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कुठे पाठवायचे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आणखी एक वाट आहे, आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी ती जरूर चोखाळावी. योक घरी बनवता येतो. हार्डवेअरच्या दुकानात खणांसाठी बॉल बेअरिंगचे टेलिस्कोपिक चॅनेल मिळतात, त्यांवर दांडा सुंदर सरकतो. फिरण्यासाठी दोन बेअरिंग आणि एक नळी. चुंबकीय सेन्सर एएस५६०० हा १२ बिटचा, म्हणजे पूर्ण एका फेरीत ४०९६ पायऱ्या. आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देतो, कारण त्यातल्या चिपमध्ये यूएसबी आधीच आहे. स्प्रिंगऐवजी रबरी दोरी लावली की जोर हवा तसा बदलता येतो. मुठी छापून घ्याव्या लागतील किंवा लाकडातून कोराव्या लागतील. अशा योकचा मध्यावरचा स्पर्श विकतच्या स्वस्त योकपेक्षा सरस असू शकतो, कारण चॅनेल चांगले निवडणे तुमच्या हातात असते. चाचणीसाठी फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर फुकट मिळतो.

जुना योक घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरीच संगणकाला जोडा. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत एक चौकट आणि एक अधिकचिन्ह दिसते. योक अगदी हळू मध्याच्या आरपार न्या. चिन्ह उडी मारत असेल तर सेन्सर गेला आहे. मग हात काढा आणि ते मध्यावर स्थिर राहते का बघा, दोन्ही बाजूंनी येऊन एकाच जागी थांबते का तेही बघा. थांबत नसेल तर स्प्रिंग थकली आहे. क्लॅम्पचे स्क्रू आहेत ना, हे विचारायला विसरू नका, ते हरवलेले असतात.

नव्या योकची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यातच घ्या. सेस्ना १७२, वारा शून्य, ऑटोपायलट बंद, उंची ३००० फूट. ट्रिम करून विमान सरळ न्या आणि उंची ५० फुटांच्या आत राहते का बघा. मग ३० अंशांच्या कलात पूर्ण वर्तुळ, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग ४५ अंशांत तेच. शेवटी वेग ६० नॉटपर्यंत उतरवा, फ्लॅप द्या आणि त्याच उंचीवर पाच मिनिटे राहा. या शेवटच्या पाच मिनिटांत योकचा मध्य सगळ्यात जास्त कामाला लागतो, आणि खाच, घर्षण, थरथर, जे काही असेल ते बाहेर येते. जमले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. हाताचा दोष असेल तर सरावाने कमी होत जातो, योकचा असेल तर रोज तोच आणि तेवढाच राहतो. तसा निघाला तर परत पाठवायला संकोच करू नका, आणि खोका व आतला थर्माकोल परत पाठवायची मुदत संपेपर्यंत रद्दीवाल्याला देऊ नका.